स्कॉटलंडला लिखित वाट हवी

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं निकाल दिला की, स्वातंत्र्याबद्दल सार्वमत घेण्याचा कायदा एडिनबरातली स्कॉटिश संसद स्वतःच्या अधिकारात करू शकत नाही. पाच न्यायाधीशांच्या त्या पीठाचे अध्यक्ष लॉर्ड रीड स्वतः स्कॉटिश आहेत, आणि निकाल कायद्याला धरूनच होता. १९९८च्या स्कॉटलंड अ‍ॅक्टच्या पाचव्या परिशिष्टात लंडनकडे राखून ठेवलेल्या विषयांची यादी आहे. स्कॉटलंड आणि इंग्लंड या राज्यांचं एकत्रीकरण हा त्यातलाच एक विषय. सार्वमत नुसतं कौल अजमावण्यापुरतं असलं, तरी ते या विषयाशी निगडित ठरतं, असं न्यायालयानं सांगितलं.

आता त्याच १९९८ साली वेस्टमिन्स्टरनं, म्हणजे लंडनच्या त्याच संसदेनं, उत्तर आयर्लंडसाठी केलेला कायदा काढून पाहा. त्याच्या पहिल्या परिशिष्टात लिहिलं आहे की, संयुक्त आयर्लंडच्या बाजूनं बहुमत होण्याची शक्यता दिसली, तर लंडनच्या मंत्र्यानं सार्वमत घेतलंच पाहिजे; आणि एकदा घेतलं की पुढची सात वर्षं पुन्हा घेता येणार नाही. बाहेर पडण्याची वाट कायद्यात आहे, ती केव्हा उघडते आणि किती काळ बंद राहते हेही कायद्यात आहे. स्कॉटलंडसाठी यातलं काहीही कुठेही लिहिलेलं नाही. तिथे पंतप्रधानांच्या मर्जीवर सगळं.

स्कॉटलंडनं वेगळं व्हावं की नाही, ते स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांनी ठरवावं. पण तो प्रश्न कधी, कुणी आणि कोणत्या अटींवर विचारायचा, याचे नियम कायद्यात लिहून ठेवायलाच हवेत, असं माझं ठाम मत आहे. या एका गोष्टीअभावी तिथलं राजकारण २०१४च्या स्वातंत्र्याच्या सार्वमतापासून जागच्या जागी फिरतं आहे, आणि त्याची किंमत स्वातंत्र्यवादी आणि संघराज्यवादी, म्हणजे ब्रिटनमध्येच राहू इच्छिणारे, दोघंही मोजत आहेत. यावर बोललं जातं ते मात्र अस्मितेच्या भाषेत: स्कॉटिश माणूस स्वतःला ब्रिटिश मानतो की नाही, किती मानतो. ही चर्चा रंगते खूप, पण तिच्यातून वाट काही निघत नाही.

मराठी वाचक दुसऱ्या देशातल्या अस्मितेकडे पाहतो तेव्हा त्याची नजर आधी भाषा शोधते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातून आलेल्या समाजाला ते साहजिक आहे. स्कॉटलंडमध्ये ही नजर फसते. २०२२च्या जनगणनेत थोडंफार तरी गेलिक येणारे जेमतेम अडीच टक्के निघाले. स्कॉट्स ही दुसरी भाषा थोडीबहुत येते असं सांगणारे शेकडा ४६ आहेत, पण शाळा, कोर्ट, वर्तमानपत्र, संसद सगळं इंग्रजीत चालतं. २०२५ मध्ये दोन्ही भाषांना अधिकृत दर्जा देणारा कायदा झाला. तो चांगलाच झाला, पण स्वातंत्र्याच्या प्रचारात भाषा हा मुद्दा कधीच वरच्या क्रमांकावर नव्हता.

तिथली अस्मिता उभी आहे ती संस्थांवर. १७०७ साली स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या संसदा एक झाल्या, तेव्हाच्या तहाचं १९वं कलम स्कॉटलंडची न्यायालयं कायमची शाबूत ठेवतं. वेगळ्या कायद्यानं तिथलं बिशप नसलेलं चर्चही शाबूत राहिलं, आणि त्याच्याबरोबर विद्यापीठंही. त्यामुळे जवळजवळ तीनशे वर्षं एकच संसद असूनही स्कॉटलंडमध्ये फौजदारी खटल्याला १५ जणांची ज्युरी बसते, इंग्लंडमध्ये १२ जणांची. शाळेच्या अखेरच्या परीक्षा वेगळ्या, पदवी चार वर्षांची. १९९९मध्ये स्कॉटिश संसद आली तेव्हा तिला राष्ट्र घडवावं लागलं नाही. वकील, शिक्षक आणि पाद्री यांच्या रोजच्या कामातून ते आधीपासून जिवंत होतं.

या व्यवस्थेचा एक नमुना खिशात सापडतो. स्कॉटलंडमध्ये तीन व्यापारी बँका आजही स्वतःच्या नोटा छापतात: बँक ऑफ स्कॉटलंड, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आणि क्लाइड्सडेल. नोटेवर चित्रं स्कॉटिश, मूल्य मात्र ब्रिटिश पौंडाचं. या नोटांमागे बँक ऑफ इंग्लंडमध्ये तेवढीच तारण रक्कम ठेवावी लागते, आणि त्यासाठी तिथे दहा लाख आणि दहा कोटी पौंडांच्या खास नोटा असतात, ज्या व्यवहारात कधीच येत नाहीत. काटेकोर कायदेशीर अर्थानं या स्कॉटिश नोटा खुद्द स्कॉटलंडमध्येही वैध चलन नाहीत. लोक त्या घेतात ते विश्वासावर आणि सवयीनं. लंडनचा दुकानदार ती नोट नाकारू शकतो, आणि कधीकधी नाकारतोही. त्या क्षणी स्कॉटिश माणसाला जे जाणवतं त्याला तो अपमान म्हणेल. पण या एवढ्याशा कागदाची सगळी पत लंडनमधल्या तिजोरीवर उभी आहे, हेही तितकंच खरं. स्वातंत्र्यवाद्यांची सगळ्यात मोठी अडचण पुढे याच जागी उभी राहिली. तिच्याकडे नंतर येतो.

त्याआधी एक चुकीचा युक्तिवाद बाजूला करायला हवा. स्वातंत्र्याच्या बाजूचे काही जण म्हणतात की स्कॉटलंड ही इंग्लंडची वसाहत होती. मराठी माणसाला हे पटण्याचं काही कारण नाही. पेशवाईच्या शेवटी पुण्यात रेसिडेंट होता तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, जन्मानं स्कॉटिश. जून १८१८मध्ये दुसरा बाजीराव ज्याच्या स्वाधीन झाला, ज्यानं वर्षाला आठ लाखांचं पेन्शन कबूल करून त्याला बिठूरला पाठवलं, तो जॉन माल्कम डम्फ्रीसशायरचा. हे दोघंही पुढे एकामागोमाग एक मुंबईचे गव्हर्नर झाले. मुंबईचं विल्सन कॉलेज आणि नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावानं चालतात, ते दोघंही स्कॉटिश मिशनरीच. साम्राज्य चालवण्यात स्कॉटलंडचा वाटा मोठा होता आणि त्यातून ग्लासगो श्रीमंत झालं. १७०७चा तह स्कॉटलंडच्या सरदारांनी आणि व्यापाऱ्यांनी केला. पनामाजवळच्या डारिएन वसाहतीत पैसा बुडाला होता, इंग्लंडच्या व्यापारात शिरकाव हवा होता, आणि तहाबरोबर ३,९८,०८५ पौंड १० शिलिंग भरपाई मिळणार होती. सामान्य लोकांना विचारलं नव्हतं, रस्त्यावर दंगली झाल्या, हे खरं आहे. पण १७०७ साली इंग्लंडमध्ये तरी सामान्य माणसाला कोण विचारत होतं?

वसाहतीचा दावा सोडल्यानं स्वातंत्र्याची बाजू दुबळी होत नाही. उलट दोन राष्ट्रांनी करार करून केलेली जोडणी असेल, तर करार मोडण्याचाही रस्ता असला पाहिजे, हे म्हणणं जास्त टिकतं. आणि ते ब्रिटननं मान्यही केलेलं आहे. २०१४च्या सार्वमतानंतर नेमलेल्या स्मिथ आयोगाच्या अहवालात साफ नोंद आहे की, स्कॉटलंडच्या जनतेनं ठरवलं तर भविष्यात स्वतंत्र देश होण्याच्या आड हा अहवाल येत नाही. त्या आयोगात स्कॉटिश संसदेतल्या पाचही पक्षांचे प्रतिनिधी होते, कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लेबरचेसुद्धा. हक्क सगळ्यांना मान्य, पण तो बजावायचा कसा हे कुणीच लिहून ठेवलेलं नाही.

आता अस्मितेच्या आकड्यांकडे. २०२२च्या जनगणनेत आपली राष्ट्रीय ओळख ‘फक्त स्कॉटिश’ सांगणारे ६५.५ टक्के होते. २०११मध्ये ते ६२.४ होते. ‘स्कॉटिश आणि ब्रिटिश’ दोन्ही सांगणारे १८.३वरून ८.२वर आले. ‘फक्त ब्रिटिश’ सांगणारे मात्र ८.४वरून १३.९ टक्क्यांवर गेले. मधली जागा रिकामी होते आहे आणि दोन्ही टोकं भरत आहेत. हे आकडे पाहून कुणी म्हणेल की स्वातंत्र्य आता हाकेच्या अंतरावर आहे.

तसं म्हणण्याआधी इंग्लंडमध्ये काय झालं ते पाहा. २०११च्या इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेत ‘फक्त इंग्लिश’ ५७.७ टक्के होते. २०२१मध्ये ते १४.९वर कोसळले आणि ‘फक्त ब्रिटिश’ १९.१वरून ५४.८वर चढले. दहा वर्षांत इंग्लिश अस्मिता अशी विरून गेलेली नव्हती. इंग्लंडच्या अर्जात ‘ब्रिटिश’ हा पर्याय यादीत सगळ्यात वर आणला होता, आणि हा बदल बऱ्याच अंशी त्यामुळे झाला असं सांख्यिकी कार्यालयानंच सांगितलं. स्कॉटलंडच्या अर्जात ‘स्कॉटिश’ वर असतो. चौकटींच्या क्रमानं एवढा फरक पडत असेल, तर या आकड्यांवर राष्ट्राचं भवितव्य टांगणं धोक्याचं आहे. लुईस मोरेनो या स्पॅनिश अभ्यासकानं एडिनबरात असताना १९८०च्या दशकात रूढ केलेली पाच पायऱ्यांची पट्टी यापेक्षा बरी. तिच्या एका टोकाला ‘स्कॉटिश, ब्रिटिश मुळीच नाही’, दुसऱ्या टोकाला ‘ब्रिटिश, स्कॉटिश मुळीच नाही’, मध्ये तीन पायऱ्या. तिच्यातून माणसाचा कल कळतो. पण कल कळला तरी मत कळत नाही. २०११च्या जनगणनेत ६२ टक्के ‘फक्त स्कॉटिश’ असताना २०१४मध्ये स्वातंत्र्याला मतं पडली ४४.७ टक्के. स्वतःला फक्त स्कॉटिश म्हणवणाऱ्या कित्येकांनी पेन्शनचा, नोकरीचा, गृहकर्जाचा विचार करून ‘नको’ म्हटलं. त्यांची अस्मिता कच्ची होती असं समजणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

स्कॉटिश राष्ट्रवादाची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे मतदार कोण, याचं त्यानं दिलेलं उत्तर. २०१४च्या सार्वमतात मताचा हक्क वास्तव्यावर होता. स्कॉटलंडमध्ये राहणारे ब्रिटिश, आयरिश, युरोपीय संघाचे आणि राहण्याचा परवाना असलेले राष्ट्रकुलाचे नागरिक, सगळे मतदार; वय १६पासून पुढे. याचा अर्थ, ग्लासगोत शिकायला आलेली नागपूरची विद्यार्थिनी मत देऊ शकत होती. ग्लासगोत जन्मून, वाढून लंडनला नोकरी करणारा माणूस देऊ शकत नव्हता. दोन वर्षांनी ब्रेक्झिटच्या सार्वमतात चित्र वेगळं होतं. एडिनबरातल्या लीथमध्ये दहा वर्षं राहिलेल्या पोलिश कामगाराला तिथे मत नव्हतं, आणि १६-१७ वर्षांच्या मुलांनाही नव्हतं.

या उदार व्याख्येची किंमत स्वातंत्र्यवाद्यांनी मोजली. एडिनबरा विद्यापीठातल्या अभ्यासकांच्या सर्वेक्षणानुसार स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्यांपैकी सुमारे ५३ टक्क्यांनी होकार दिला होता. ब्रिटनच्या इतर भागांत जन्मलेल्या सुमारे ७२ टक्क्यांनी आणि ब्रिटनबाहेर जन्मलेल्या सुमारे ५७ टक्क्यांनी नकार. जन्मावर मतदारयादी केली असती तर निकाल कदाचित उलटला असता. १९९५मध्ये कॅनडातल्या क्वेबेक प्रांताच्या स्वातंत्र्याचं सार्वमत ५०.५८ विरुद्ध ४९.४२ असं हरल्यावर तिथले प्रांतप्रमुख पारिझो यांनी त्याच रात्री पैसा आणि परक्या वंशाच्या लोकांची मतं यांना दोष दिला. ते वाक्य क्वेबेकच्या चळवळीला आजवर चिकटून आहे. स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या, म्हणजे एसएनपीच्या नेतृत्वानं हा मार्ग धरला नाही. उलट २०२०मध्ये स्कॉटिश संसदेनं कायदा करून निर्वासितांसह कायदेशीर वास्तव्य असलेल्या सर्व परदेशी नागरिकांना मताधिकार दिला. हरल्यानंतर मतदारयादी आवळण्याऐवजी रुंदावणारी राष्ट्रवादी चळवळ मला दुसरी माहीत नाही. अमृतसरला जन्मलेले बशीर अहमद २००७मध्ये याच पक्षातून स्कॉटिश संसदेत गेलेले पहिले आशियाई सदस्य ठरले; २०२३मध्ये हमजा युसुफ याच पक्षाचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे स्कॉटिश सरकारचे प्रमुख, झाले.

म्हणजे ‘आपण कोण’ या प्रश्नाचं चांगलं उत्तर स्कॉटलंडकडे आहे. खोळंबा झाला आहे तो कार्यपद्धतीपाशी, आणि कार्यपद्धती बिघडली की काय होतं याचा धडा १९७९चा.

१ मार्च १९७९ला स्कॉटलंडसाठी वेगळी विधानसभा असावी का यावर सार्वमत झालं. लंडनच्या इस्लिंग्टनचे लेबर खासदार जॉर्ज कनिंगहॅम, मूळचे स्कॉटिशच, यांनी कायद्यात दुरुस्ती घुसवली होती: नुसतं बहुमत पुरे नाही, एकूण मतदारांच्या ४० टक्के लोकांनी होकार दिला पाहिजे. होकाराला ५१.६ टक्के मतं पडली. मतदान सुमारे ६४ टक्के झालं होतं, त्यामुळे एकूण मतदारांमध्ये होकार भरला ३२.९ टक्के. घरी बसलेला प्रत्येक मतदार आपोआप विरोधात धरला गेला. बहुमत मिळूनही विधानसभा मिळाली नाही. पुढची साखळी तर विलक्षण आहे. एसएनपीच्या ११ खासदारांनी चिडून लेबरच्या कॅलहन सरकारविरुद्ध मत दिलं, २८ मार्चला ते सरकार ३११ विरुद्ध ३१० अशा एका मतानं पडलं, निवडणुकीत थॅचर आल्या आणि एसएनपी ११वरून दोनवर. १९८९मध्ये त्याच थॅचर सरकारनं पोल टॅक्स हा दरडोई कर इंग्लंडच्या एक वर्ष आधी स्कॉटलंडमध्ये लावला. १९९७मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला स्कॉटलंडमध्ये एकही जागा उरली नाही. त्या वर्षीच्या सार्वमतात चाळीस टक्क्यांची अट नव्हती, ७४.३ टक्के लोकांनी संसदेला होकार दिला.

२०१४ची पद्धत याच्या नेमकी उलट, म्हणून ती तपशिलात पाहण्यासारखी आहे. २०११मध्ये स्कॉटिश संसदेत एसएनपीला १२९पैकी ६९ जागा मिळाल्या. १५ ऑक्टोबर २०१२ला ब्रिटनचे पंतप्रधान कॅमेरन आणि स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर सॅमंड यांनी एडिनबरा करारावर सह्या केल्या. त्यानुसार स्कॉटलंड अ‍ॅक्टच्या कलम ३०खाली एक आदेश निघाला. असा आदेश स्कॉटिश संसद, हाउस ऑफ कॉमन्स आणि हाउस ऑफ लॉर्ड्स या तिन्ही ठिकाणी मंजूर व्हावा लागतो, मग प्रिव्ही कौन्सिलमध्ये राजमुद्रा उमटते. आदेशानं अधिकार दिला, पण अटी घालून: एकच प्रश्न, आणि मतदान २०१४ संपण्याआधी. मग स्कॉटिश संसदेनं मतदारयादीचा आणि सार्वमताचा असे दोन कायदे केले. प्रश्नाचा मूळ मसुदा होता, ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा याच्याशी तुम्ही सहमत आहात का?’ निवडणूक आयोगानं तो लोकांवर तपासून पाहिला आणि ‘सहमत’ या शब्दानं मतदार होकाराकडे झुकतो म्हणून तो काढायला लावला. सरकारनं ऐकलं, प्रश्न झाला ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का?’ दोन्ही बाजूंच्या मुख्य मोहिमांना खर्चाची मर्यादा प्रत्येकी १५ लाख पौंड, नियमनाचा काळ १६ आठवडे. मतदान झालं ८४.६ टक्के. होकार १६,१७,९८९, नकार २०,०१,९२६. हरलेल्या बाजूनं निकाल मानला, सॅमंड पायउतार झाले. फेरमोजणीची मागणी वजनदार कुणी केली नाही. नियम आधी ठरलेले आणि दोघांना मान्य असले की असं होतं.

फक्त तो आदेश एकदाच वापरण्याचा होता. ३१ डिसेंबर २०१४ला त्याची मुदत संपली आणि वाटही बुजली.

त्यानंतर २०१६मध्ये ब्रेक्झिट आलं. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के लोकांनी युरोपातच राहण्याच्या बाजूनं मत दिलं, ३२पैकी ३२ स्थानिक परिषदांच्या हद्दीत तोच कौल होता, तरी स्कॉटलंड बाहेर पडला. २०१४च्या प्रचारात युरोपातलं स्थान टिकवायचं तर ब्रिटनमध्ये राहा असं सांगितलं गेलं होतं. ती परिस्थिती आता उरली नव्हती. २०१७मध्ये सॅमंड यांच्यानंतरच्या फर्स्ट मिनिस्टर स्टर्जन यांनी कलम ३०चा आदेश मागितला, पंतप्रधान टेरेसा मे यांनी ‘ही वेळ नव्हे’ म्हणून टाळलं. २०२०च्या जानेवारीत बोरिस जॉन्सन यांनी लेखी नकार दिला. २०२१च्या स्कॉटिश संसदेच्या निवडणुकीत एसएनपीला ६४ आणि ग्रीन्सना ८ जागा मिळाल्या, मिळून ७२, म्हणजे सार्वमत मागणाऱ्यांचं स्पष्ट बहुमत. तरी उत्तर तेच. मग प्रकरण कोर्टात गेलं, तिथे हरलं. मग पुढची सार्वत्रिक निवडणूकच सार्वमत समजू, अशी स्टर्जन यांची कल्पना आली, जी त्यांच्याच पक्षाला पेलली नाही. २०२४च्या ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत एसएनपी ४८ जागांवरून ९ जागांवर आला, ५७पैकी ३७ जागा लेबरनं घेतल्या. लंडनमध्ये अनेकांनी प्रश्न मिटला असं जाहीर केलं. स्वातंत्र्याला पाठिंबा मात्र चाचण्यांमध्ये निम्म्याच्या आसपासच राहिला. पक्ष पडला, मागणी पडली नाही.

या कोंडीचं नुकसान कुठे होतं ते पोर्ट ग्लासगोच्या गोदीत दिसतं. बेटांसाठी दोन फेरीबोटींचं कंत्राट २०१५मध्ये ९७ दशलक्ष पौंडांना दिलं गेलं. बोटी २०१८मध्ये मिळायच्या होत्या. पहिली, ग्लेन सॅनॉक्स, जानेवारी २०२५मध्ये प्रवासी घेऊन निघाली, आणि खर्च चौपटीच्या वर गेला. आरन बेटावरच्या माणसाचं या काळात जे हाल झालं ते झालं. अमली पदार्थांनी २०२०मध्ये १,३३९ आणि २०२३मध्ये १,१७२ माणसं मेली. एवढ्या लहान देशासाठी हे प्रमाण युरोपात सगळ्यात वाईट आहे. आरोग्य, पोलीस, बोटी हे सगळे विषय एडिनबराच्या हातात आहेत. तरीही निम्मे मतदार एसएनपीच्या कारभारावर कितीही नाराज असले, तरी स्वातंत्र्याचं दार बंद होईल म्हणून त्याच बाजूला राहतात; आणि उरलेले निम्मे ते दार उघडू नये एवढ्यासाठी समोरच्याला मत देतात. २०२१मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा जवळजवळ सगळा प्रचार दुसरं सार्वमत अडवा एवढ्याच मुद्द्यावर होता. अशा निवडणुकीत बोटीचा हिशेब कोण मागणार?

तर नियम कसे असावेत? उत्तर आयर्लंडचा कायदा जसाच्या तसा उचलू नये, कारण त्यात एक भोक आहे. बहुमताची ‘शक्यता’ कशावरून ओळखायची हे तिथे लिहिलेलं नाही. निर्णय शेवटी लंडनच्या मंत्र्याच्या मनावर. स्कॉटलंडसाठी निकष मोजता येईल असा हवा. माझ्या मते, सार्वमताची मागणी जाहीरनाम्यात मांडून निवडून आलेल्या सदस्यांपैकी किमान ६५ जणांनी, म्हणजे १२९च्या स्पष्ट बहुमतानं, ठराव केला की कलम ३०चा अधिकार आपोआप लागू व्हावा. याला एक रास्त आक्षेप आहे. तिथल्या मिश्र पद्धतीत ७३ जागा थेट मतदारसंघांच्या आणि ५६ यादीतून येतात, त्यामुळे जागा मतांच्या बऱ्याच जवळ राहतात, पण अगदी बरोबरीत नाही. २०११मध्ये सुमारे ४५ टक्के मतांवर ५३ टक्के जागा मिळाल्याच. पण ६५चा आकडा फक्त प्रश्न विचारण्यासाठी आहे. उत्तर देताना प्रत्येक मत सारखंच मोजलं जाणार. उत्तरासाठी ५५ किंवा ६० टक्क्यांची अट घालावी असं काही लेबर आणि कॉन्झर्व्हेटिव्ह मंडळी सुचवतात. १९७९ ज्यांना आठवतं त्यांच्यासमोर ही सूचना ठेवूच नये. खेळ संपता संपता गोलपोस्ट हलवल्याची भावना अठरा वर्षं पुसली गेली नव्हती.

दोन सार्वमतांमध्ये स्कॉटिश संसदेच्या दोन पूर्ण मुदती, म्हणजे दहा वर्षं, जावीत. सात वर्षं मला कमी वाटतात: गुंतवणूकदाराला, विद्यापीठाला, इस्पितळाला त्याहून लांबचा विचार करावा लागतो.

आणि आता स्वातंत्र्यवाद्यांवरचं बंधन, कारण २०१४मध्ये त्यांची बाजू कमकुवत ठरली ती इथेच. नोव्हेंबर २०१३मध्ये स्कॉटिश सरकारनं ६७० पानांची श्वेतपत्रिका काढली. तिच्यात चलन म्हणून इंग्लंडबरोबर सामायिक पौंड गृहीत धरला होता. १३ फेब्रुवारी २०१४ला ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी एडिनबरात येऊन सांगितलं की असा चलनसंघ होणार नाही. लेबर आणि लिबरल डेमोक्रॅट्सही तेच म्हणाले. मोहिमेकडे दुसरी योजना नव्हती. करार न करता पौंड वापरत राहणं शक्य आहे, पण मग बँक बुडायला लागली तर तिला उचलून धरणारी मध्यवर्ती बँक राहत नाही. २००८मध्ये एडिनबरात मुख्यालय असलेल्या दोन मोठ्या बँका ब्रिटिश तिजोरीनं वाचवल्या होत्या. स्वतःचं चलन काढलं तर कर्ज पौंडात आणि पगार नव्या चलनात, अशी घरोघर विभागणी होईल. या दोन्ही वाटांना उत्तरं आहेत, पण ती खर्चाची आहेत आणि खर्च सांगायला हवा.

सरहद्दीचंही तसंच. स्कॉटलंडच्या बाहेर जाणाऱ्या मालापैकी आणि सेवांपैकी सुमारे साठ टक्के उर्वरित ब्रिटनमध्ये जातात. स्वतंत्र स्कॉटलंड युरोपीय संघात गेला, तर संघाची सीमाशुल्क हद्द इंग्लंडच्या सीमेवरच्या बेरिकजवळून आणि ग्रेटनाजवळून जाईल. आयर्लंडप्रमाणे माणसं पासपोर्टशिवाय ये-जा करतील, पण सामन माशांचा ट्रक कागदपत्रांशिवाय जाणार नाही. शिवाय स्कॉटिश सरकारच्याच सांख्यिकी विभागाच्या हिशेबात २०२३-२४मध्ये सार्वजनिक तूट तिथल्या उत्पन्नाच्या सुमारे १० टक्के होती, सबंध ब्रिटनची साडेचारच्या आसपास. वेगळं झाल्यावर कर, संरक्षणखर्च, कर्जाचा वाटा हे सगळं बदलेल, म्हणून हा आकडा भविष्य सांगत नाही. पण सुरुवात कुठून होईल ते सांगतो.

यातला मोठा भाग एका सरकारला एकट्यानं सांगताच येत नाही. कर्जाचा वाटा, पेन्शनची जबाबदारी, फास्लेन या स्कॉटलंडमधल्या तळावरच्या ब्रिटिश अणुपाणबुड्या, चलन, सगळ्यात दुसरी बाजू लंडन आहे, आणि २०१४मध्ये लंडननं मतदानाआधी बोलणी करायला नकार दिला होता. म्हणून नव्या कायद्यात दोन्ही सरकारांवर बंधन हवं: मतदानाच्या सहा महिने आधी, या चार-पाच विषयांवर संयुक्त पत्रक काढायचं, आणि जिथे एकमत नाही तिथे दोघांची भूमिका शेजारी शेजारी छापायची. एडिनबरा करारातल्या तिसाव्या परिच्छेदात निकाल काहीही लागला तरी स्कॉटलंडच्या आणि उर्वरित ब्रिटनच्या हितासाठी दोन्ही सरकारं मिळून काम करतील असं वचन आहे. ते वचन कायद्यात उतरवायचं, एवढंच.

संघराज्यवाद्यांना भीती वाटते की लिखित वाट दिली की सार्वमतांची रांगच लागेल. ही भीती खोटी नाही. नको असलेला प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जाण्याचा त्रास त्यांनी सोसला आहे. पण आजच्या व्यवस्थेत तो प्रश्न रोजच विचारला जातो, कारण त्याला ना तारीख आहे, ना नकार. दहा वर्षांचं अंतर कायद्यात असेल, तर नकाराच्या बाजूनं एकदा जिंकल्यावर दोन निवडणुका अशा होतील ज्यांत सार्वमत शक्यच नाही, आणि आरनच्या धक्क्यावर बोटीची वाट पाहणाऱ्या माणसाला आपलं मत बोटीवर देता येईल.